जीपीला पैसे कशाचे मिळतात, आणि प्रत्यक्ष भेट हवी असेल तर काय करावं

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत, म्हणून आधी ते सोडवून मांडते. तुम्ही दोन वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये आलात, व्हिसासोबत हेल्थ सरचार्ज, म्हणजे आरोग्यसेवेसाठीचं शुल्क, भरलात. आता खांदा दुखतोय तर सकाळी आठला फोनच्या रांगेत थांबून ‘आजच्या अपॉइंटमेंट संपल्या’ हे ऐकावं लागतं, नाहीतर ऑनलाइन फॉर्म भरून फोनची वाट बघावी लागते. अखेर भेट मिळतेय तीही डॉक्टरची नाही, फिजिओथेरपिस्टची. त्यात ऑफिसमधल्या कुणीतरी सांगितलं की जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला, माणशी ठरावीक पैसे मिळतात, पेशंटला बघो वा न बघो. मग ते कशाला बघतील, असं तुम्ही विचारलंय. आणि पुढच्या उन्हाळ्यात आई येणार आहे, तिचं काय, ही काळजी वेगळीच.

मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षं जीपी आहे. आधी पगारी होते, आता प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे जीपींच्या दवाखान्यात, भागीदार आहे. म्हणजे पैसे कुठून येतात आणि कुठे जातात हे मला रोज बघावं लागतं. पुढचं सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये करार वेगळे आहेत. इंग्लंडमध्येही दोन शेजारच्या प्रॅक्टिसमध्ये जमीनअस्मानाचा फरक असू शकतो, त्यामुळे तुमच्या प्रॅक्टिसचा कारभार चांगला की वाईट हे मी इथून ठरवू शकत नाही.

तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. १९४८ मध्ये एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली तेव्हा जीपींना सरकारी नोकर व्हायचं नव्हतं. त्यामुळे हॉस्पिटलं सरकारजमा झाली आणि जीपी मात्र कंत्राटदार राहिले. ते आजही तसेच आहेत. २००४ च्या नव्या करारापासून तर करार एकेका डॉक्टरशी नसून अख्ख्या प्रॅक्टिसशी होतो. प्रॅक्टिसच्या यादीत जितकी माणसं, त्या हिशेबाने वर्षाची एक मूळ रक्कम मिळते. २०२५-२६ साठी ती माणशी १२० पौंडांच्या थोडी वर होती. म्हणजे महिन्याला दहा पौंड. तुम्ही वर्षात एकदाही आला नाहीत तरी तेवढेच, आणि तीस वेळा आलात तरी तेवढेच.

हे ‘माणशी’ सरसकट मात्र नसतं. यादीतल्या प्रत्येकाला एका सूत्राने वजन दिलेलं असतं. पंचविशीतल्या तरुणापेक्षा पंच्याऐंशी वर्षांच्या आजींचं वजन कितीतरी जास्त. नर्सिंग होममधल्या माणसांचं जास्त, नवीन नोंदणी झालेल्यांचं पहिल्या वर्षी जास्त, ग्रामीण भागाला थोडी भर. या सूत्राला कार-हिल फॉर्म्युला म्हणतात. माझ्या मते त्यातली सर्वांत मोठी खोट ही की गरिबीचा भार त्यात पुरेसा मोजला जात नाही. गरीब वस्तीत पन्नाशीतच माणसाला मधुमेह, दमा आणि नैराश्य एकत्र गाठतात. वयाच्या हिशेबाने तो तरुणच धरला जातो, आणि तिथल्या प्रॅक्टिसला काम जास्त असून डॉक्टर कमी परवडतात. तुम्ही अशा भागात राहत असाल तर तुमच्या आठच्या रांगेचं अर्धं कारण तिथेच आहे.

मूळ रकमेखेरीज इतरही वाटा आहेत. दीर्घ आजारांची देखभाल नीट केली की क्यूओएफ नावाच्या गुणपद्धतीतून पैसे मिळतात: मधुमेहींची साखर, रक्तदाब, अशा निकषांवर. लसीकरणाचे वेगळे मिळतात, जागेचं भाडं बहुतेक वेळा वेगळं भरून मिळतं. पण कणा मूळ रकमेचाच. दहा हजार माणसांची यादी धरा, इथे साधारण एवढीच असते. मूळ रक्कम झाली बारा लाख पौंड. ऐकायला मोठी वाटते. त्यातून डॉक्टर, नर्सेस, हेल्थकेअर असिस्टंट, रिसेप्शन, मॅनेजर, वीज, सफाई आणि पगारांवरचा नॅशनल इन्शुरन्स नावाचा कर भागवायचा. एप्रिल २०२५ मध्ये मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्के झाला. त्यात हॉस्पिटलांची तजवीज सरकारने केली. प्रॅक्टिसना मात्र खाजगी धंदा समजून सूट दिली नाही. सगळं भागवून जे उरतं ते भागीदारांचं उत्पन्न. हेही लपवण्यासारखं नाही.

सरचार्जबद्दलचा गैरसमज इथेच दूर करते, कारण तो अनेकांचा असतो. २०२४ च्या फेब्रुवारीपासून प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड लागतात, आणि ते कुटुंबातल्या प्रत्येकाचे व्हिसाच्या सगळ्या वर्षांसाठी आधीच घेतात. रक्कम मोठी आहे, ती भरताना होणारा त्रासही खरा आहे. पण हे पैसे गृहखात्यामार्फत आरोग्याच्या सरकारी तिजोरीत जातात. तुमच्या प्रॅक्टिसला तुम्ही सरचार्ज भरलात की इथेच जन्मलात याने एका पेनीचाही फरक पडत नाही. रिसेप्शनवर ‘मी पैसे भरलेत’ म्हटल्यावर समोरचा चेहरा कोरा राहतो तो त्यामुळे.

आता तुमचा मूळ संशय: भेटीमागे पैसे नाहीत, तर भेट द्यायची इच्छा कशी राहील? संशय रास्त आहे, आणि आरोग्याच्या अर्थशास्त्रात तो जुनाच आहे. दर भेटीला फी घेणारा डॉक्टर तुम्हाला लगेच बघतो. त्याच्याकडे भेटी वाढण्याचं, जास्तीच्या तपासण्या आणि इंजेक्शनं होण्याचं आमिष असतं. माणशी रकमेवर चालणाऱ्या डॉक्टरकडे उलटं आमिष असतं, भेटी कमी करण्याचं. कुठलीही पद्धत निर्दोष नाही. पण माझ्या कामात मला जे दिसतं ते असं: पेशंटला न बघता वाटेला लावलं तर पैसे वाचत नाहीत. तो माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करतो, मग १११ या एनएचएसच्या हेल्पलाइनला करतो, मग तिथून आमच्याचकडे परत येतो, तेव्हा दुखणं वाढलेलं असतं आणि राग आलेला असतो. एका नीट भेटीत जे संपलं असतं त्याला तीन-चार संपर्क लागतात, आणि त्या तीन-चारांचेही वेगळे पैसे मिळत नाहीत. त्यामुळे दूरदृष्टीने चालवलेली प्रॅक्टिस लवकर आणि नीट बघते. जिथे डॉक्टरच अपुरे आहेत आणि माणसं दमलेली आहेत, तिथे मात्र आजचा दिवस कसा ढकलायचा हाच विचार उरतो. आळसाने टाळणारी प्रॅक्टिसही असते, नाही असं म्हणणार नाही. पण तुटवडा हे कारण कितीतरी जास्त वेळा खरं असतं.

तुटवडा किती? इंग्लंडमध्ये यादीत नाव असलेली माणसं सहा कोटी चाळीस लाखांच्या आसपास, आणि प्रॅक्टिसमधल्या अपॉइंटमेंट वर्षाला पस्तीस कोटींहून जास्त. म्हणजे माणशी पाच-सहा. पूर्ण प्रशिक्षित आणि पूर्णवेळ धरलेल्या एका जीपीमागे सव्वादोन हजारांच्या आसपास माणसं येतात. एवढ्यांना प्रत्येक वेळी, त्याच दिवशी, डॉक्टरने समोर बसवून बघणं गणितात बसत नाही. कुणाला आधी, कुणाला नंतर, कुणाला फोनवर, कुणाला दुसऱ्याकडे, हे कुणीतरी ठरवणारच. आठला फोन लावण्याच्या पद्धतीत ते नशीब आणि चिकाटी ठरवते. फॉर्म वाचून ठरवण्याच्या पद्धतीत, निदान तत्त्वतः, गरज ठरवते. म्हणून फॉर्मचा तुम्हाला राग आला तरी मी त्याच्या बाजूने आहे. आठच्या फोनमध्ये सर्वांत आजारी म्हातारी बाई हरते आणि रीडायलचं बटण जोरात दाबणारा तरुण जिंकतो.

फक्त तो फॉर्म कसा वाचला जातो हे लोकांना कुणी सांगत नाही. ते सांगते, कारण प्रत्यक्ष भेट मिळणं बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

सकाळी माझ्यासमोर स्क्रीनवर विनंत्यांची यादी असते, आणि एकेकीला मोजून एक-दोन मिनिटं मिळतात. समजा एकीत लिहिलंय: ‘खांदा दुखतोय. डॉक्टरांना भेटायचं आहे. अर्जंट.’ यावरून मला काहीच ठरवता येत नाही. डावा खांदा असेल तर दुखणं हृदयाचं असू शकतं, उजवा असेल तर पित्ताशयाचंही असू शकतं, किंवा नुसता अवघडलेला स्नायू. मग आधी कुणीतरी फोन करून विचारायला हवं, म्हणून ही विनंती फोनच्या यादीत जाते. तुम्ही ज्याला टाळाटाळ समजता तो फोन पुष्कळदा याच कारणाने येतो.

दुसरी अशी: ‘उजवा खांदा सहा आठवडे दुखतोय. पडलो नाही. हात खांद्याच्या वर जात नाही, शर्ट घालताना त्रास होतो, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. दोन आठवडे आयबुप्रोफेन घेतलं, फरक नाही. मला डायबिटीस आहे. गेल्या महिन्यात फोनवर बोलणं झालं, सांगितलेले व्यायाम केले, हालचाल आणखी कमी झाली. कुणीतरी हात लावून तपासावं अशी विनंती.’ हे वाचताना डायबिटीस आणि कमी होत जाणारी हालचाल या दोन गोष्टींवर माझी नजर थांबते. मधुमेहात खांदा आखडण्याचं, म्हणजे फ्रोजन शोल्डरचं, प्रमाण बरंच जास्त आहे. तो ओळखायचा तर कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर वळवून बघावा लागतो. दुसऱ्याने वळवला तरी अडतो का, हे फोनवर कळत नाही. शिवाय दूरचा उपाय एकदा करून झालाय आणि तो लागू पडला नाही. ही विनंती मी फोनच्या यादीत टाकणारच नाही, सरळ प्रत्यक्ष भेटीत टाकेन.

दोन्ही माणसांचा खांदा एकच असू शकतो. फरक लिहिण्याचा आहे. केव्हापासून, काय जमत नाही, काय करून पाहिलं, कोणता आजार आधीपासून आहे, कशाची भीती वाटतेय आणि समोर येऊन दाखवणं का हवंय, एवढं चार-पाच ओळींत लिहा. भीती जरूर लिहा. ‘वडिलांना आतड्याचा कॅन्सर होता’ या एका वाक्याने माझा निर्णय बदलतो. ‘अर्जंट’ या शब्दाने बदलत नाही, कारण तो जवळजवळ सगळेच लिहितात. एक मात्र लक्षात ठेवा: छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, दम लागून बोलता न येणं, यांसाठी फॉर्म भरत बसायचं नाही. थेट ९९९.

कशाला प्रत्यक्ष भेट लागतेच? माझ्या दृष्टीने गाठ, पोटदुखी, नव्याने लागलेला दम, तापाने मलूल झालेलं मूल, हातापायातली कमजोरी, कारणाविना उतरलेलं वजन, आणि चार-पाच आजार असलेली वृद्ध व्यक्ती. रक्ततपासणीचा निकाल, घरी मोजलेल्या रक्तदाबावरून औषध बदलणं, नेहमीच्या गोळ्या, यांना फोन पुरतो, आणि नोकरी करणाऱ्यांना तोच सोयीचा. कोविडच्या आधी साधारण ८० टक्के भेटी प्रत्यक्ष असत. एप्रिल २०२० मध्ये त्या निम्म्याच्याही खाली गेल्या, आणि आता दर तीनांत जवळपास दोन प्रत्यक्ष असतात. पुन्हा ८० वर जाण्याची गरज आहे असं मला वाटत नाही. ज्यांना समोर बसवायला हवं होतं ते फोनवर राहू नयेत, एवढी काळजी घ्यायला हवी.

तुमच्या हक्काचं म्हणाल तर काही गोष्टी पक्क्या आहेत. प्रॅक्टिसची वेळ सोमवार ते शुक्रवार सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा. २०२३ पासून करारातच आहे की पहिल्या संपर्कातच तुमची गरज पाहून पुढचं सांगायचं किंवा योग्य ठिकाणी पाठवायचं. ‘उद्या आठला पुन्हा फोन करा’ हे उत्तर करारात बसत नाही. तसं कुणी सांगितलं तर शांतपणे हे लक्षात आणून द्या. १ ऑक्टोबर २०२५ पासून ऑनलाइन फॉर्म या कामाच्या पूर्ण वेळेत उघडा ठेवणं बंधनकारक झालंय, सकाळी दहाला बंद करून टाकता येत नाही. त्याच सुमारास ‘यू अँड युअर जनरल प्रॅक्टिस’ नावाची रुग्णांसाठीची सनद निघाली, ती तुमच्या प्रॅक्टिसच्या संकेतस्थळावर सापडेल. प्रत्यक्ष भेट मागण्याचा अधिकार तुम्हाला आहे, आणि ठोस वैद्यकीय कारण नसेल तर तुमच्या पसंतीचा मान राखला जावा अशी अपेक्षा आहे. पण ती त्याच दिवशी आणि अमुकच डॉक्टरकडे मिळेल अशी हमी कुठेही नाही.

आणखी एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. जेस ब्रेडी ही २७ वर्षांची तरुणी २०२० मध्ये कॅन्सरने गेली. तिने प्रॅक्टिसकडे वारंवार दाद मागितली होती, पण आजार वेळेत ओळखला गेला नाही. तिच्या आईवडिलांच्या प्रयत्नांतून सप्टेंबर २०२५ मध्ये ‘जेसचा नियम’ आला: त्याच तक्रारीसाठी तीनदा संपर्क होऊनही निदान झालं नसेल किंवा त्रास वाढत असेल, तर थांबून नव्याने विचार करायचा. आधीचे संपर्क फोनवर झाले असतील तर प्रत्यक्ष तपासणी, दुसऱ्या डॉक्टरचं मत, पुढच्या तपासण्या, हे सगळं त्यात येतं. तुमची तिसरी वेळ असेल तर फॉर्ममध्ये तसं स्पष्ट लिहा. यात उद्धटपणा काही नाही. यादी भराभर वाचणाऱ्या डॉक्टरला तिसरी वेळ आहे हे कळणं, ही मदतच आहे.

फिजिओथेरपिस्टच्या भेटीबद्दल तुम्ही नाराज आहात. २०१९ मध्ये प्रॅक्टिसचे गट केले गेले, एकेका गटात साधारण ३० ते ५० हजार माणसं. त्या गटांना फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, पॅरामेडिक वगैरे नेमायला वेगळा निधी मिळाला. गंमत नव्हे, पण खरोखर असं होतं की त्या पैशांतून जीपी नेमता येत नसे. ऑक्टोबर २०२४ पासून नव्याने प्रशिक्षण संपवलेले जीपी नेमता येऊ लागले. पण तोवर कित्येक प्रॅक्टिसमध्ये डॉक्टरची खोली रिकामी आणि फार्मासिस्ट मात्र तीन, अशी अवस्था झाली. धोरण म्हणून मला ते चुकीचं वाटलं, आजही वाटतं. पण खांद्याच्या बाबतीत तुमचं नुकसान झालेलं नाही. स्नायू आणि सांध्यांचा अनुभवी फिजिओथेरपिस्ट खांदा माझ्यापेक्षा चांगला तपासतो, त्याला वेळही जास्त असतो. ती भेट सोडू नका. ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असं काही असेल तर त्याला सांगा, तो स्वतःच डॉक्टरकडे पाठवेल.

अशा वेळी खाजगी जीपीकडे जावं असंही वाटतं. लगेच भेट मिळते, हे खरं. पण तिथली चिठ्ठी खाजगी असते, औषधाची पूर्ण किंमत पडते. एनएचएसच्या चिठ्ठीवर मात्र एका औषधाला ९ पौंड ९० पेन्स. तिथे सुचवलेल्या तपासण्याही तुमच्या खर्चाने. त्या आमच्याकडे करून घेता येतील असं धरून चालू नका, आमच्या डॉक्टरला त्या आवश्यक वाटल्या तरच होतात. ‘जास्त पैसे देतो, तुम्हीच बघा’ असं आमच्याकडे चालत नाही. यादीतल्या पेशंटकडून तपासणीची फी घ्यायला करारात मनाई आहे. घसा, १ ते १७ वर्षांच्या मुलांचा कान, सायनस, चिघळलेला किड्याचा चावा, नागीण, इम्पेटिगो हा त्वचेचा संसर्ग आणि १६ ते ६४ वर्षांच्या स्त्रियांची साधी लघवीची जळजळ, या सात तक्रारींसाठी खाजगीकडे वळण्याआधी औषधाच्या दुकानातल्या फार्मसी फर्स्टमध्ये जा. जानेवारी २०२४ अखेरपासून फार्मासिस्ट तपासून, गरज असल्यास अँटिबायोटिकही देतात, अपॉइंटमेंटविना. आणि प्रॅक्टिस खरोखरच जमत नसेल तर बदला. कारण द्यावं लागत नाही, आणि नवीन ठिकाणी नाव घालायला पत्त्याचा किंवा ओळखीचा पुरावा सक्तीचा नाही.

आता आई. जीपीची तपासणी इथे सर्वांना मोफत आहे, व्हिजिटर व्हिसावरच्या माणसालाही. तीन महिन्यांपर्यंत राहणार असतील तर तात्पुरते पेशंट म्हणून, त्याहून जास्त असेल तर नेहमीसारखं नाव घालता येतं. आजारी पडण्याची वाट न बघता आल्या आठवड्यातच घाला. भेट ठरवताना मराठी दुभाषी आणि दुप्पट वेळेची अपॉइंटमेंट मागा. दुभाष्याचे पैसे पडत नाहीत. आईला इंग्रजी येत नसेल तर प्रत्यक्ष भेट मागण्याचं तेच चांगलं कारण आहे, ते फॉर्ममध्ये लिहा. तुम्ही सोबत असालच, पण काही गोष्टी आई मुलासमोर बोलत नाही.

हॉस्पिटलचं मात्र वेगळं. इमर्जन्सी विभागात तपासलं तर पैसे नाहीत. तिथून दाखल केलं की बिल सुरू, आणि परदेशी पाहुण्यांना एनएचएसच्या दराच्या दीडपट आकारणी होते. भारताशी यात सवलतीचा करार नाही. त्यामुळे विमा घ्याच, आणि त्यात आधीपासूनचे आजार जाहीर करून ते धरले गेलेत की नाही हे कागदावर तपासा.

येताना आईला पूर्ण मुक्कामाची औषधं आणायला सांगा. भारतातली ब्रँडची नावं इथल्या संगणकात सापडत नाहीत, आणि मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड एकाच गोळीत अशा जोडगोळ्या इथे मिळत नाहीत. प्रत्येक औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा, हे एका कागदावर इंग्रजीत लिहून घ्या, सोबत शेवटचा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी) आणि ईसीजी असेल तर तोही ठेवा. नोंदणीच्या दिवशीच त्याची प्रत रिसेप्शनला द्या. म्हणजे पहिल्या भेटीतली दहा मिनिटं गोळ्या ओळखण्यात जाणार नाहीत.